हिरव्यात हिरवा

हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी, हे शाळेतल्या पोरांना पाठ असतं. मी चित्रकलेच्या तासाला वर्षानुवर्षं त्यांच्याकडून तो काढूनही घेतला. हिरवा खडू, पिवळे पाय, झालं. त्यातल्या बहुतेकांच्या घराजवळ वड होता आणि वडावर हरियालही येत होते, पण तो खरोखर पाहिलेलं पोर क्वचित सापडायचं. त्यात पोरांचा दोष नाही. फळं पिकलेल्या वडात अख्खा थवा बसलेला असला तरी खालून जाणाऱ्याला पानंच दिसतात. मग त्यातलं एक पान सरकतं, फांदीला उलटं लटकतं, लाल फळ तोडतं. तो दिसला की शेजारचा दिसतो, मग त्याच्या वरचा, आणि बघता बघता झाड पक्ष्यांनी भरून जातं. मघाशीही ते तिथंच होते.

मला हा उशीर तैलरंगात हवा होता. चित्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला आधी झाड दिसावं, मग एक पक्षी, मग बाकीचे. पुढची सगळी खटपट एवढ्यासाठी.

निवृत्तीनंतर मी तैलरंगात पक्षी-प्राणी रंगवायला लागलो. खंड्या आणि नीलपंख यांना गिऱ्हाईक लवकर मिळतं. हिरव्या-तपकिरी पार्श्वभूमीवर निळा रंग खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येतो. भीमाशंकरचा शेकरू त्याहून भरवशाचा. तांबूस पाठ, पिवळसर पोट, झुबकेदार शेपूट, आणि मागं रानाचा हिरवा. तांबडा आणि हिरवा एकमेकांना इतके उठाव देतात की निम्मं काम रंगचक्रच करून टाकतं. हरियालाच्या बाबतीत रंगचक्र चित्रकाराच्या विरोधात उभं राहतं.

तरीही त्याला हात घातला तो एका जुन्या विद्यार्थिनीमुळं. ती आता लहान मुलांची डॉक्टर आहे. म्हणाली, "सर, बाहेरच्या खोलीसाठी हरियाल काढून द्या. मोठा काढा, पोरांना दिसला पाहिजे."

"दिसेल. पण लगेच नाही दिसणार."

"म्हणजे?"

"तुझ्याकडं संध्याकाळी नंबर लागायला किती वेळ लागतो?"

"गर्दी असली की तासभर सहज."

"मग तेवढ्यात दिसेल."

तिला ते फारसं पटलं नाही. एक तरी पक्षी आल्या आल्या दिसायलाच हवा, अशी अट तिनं घातली. ती अट मला आधी त्रासाची वाटली. नंतर चित्राची सगळी मांडणी तिच्यावरच उभी राहिली.

वाई–सुरूर रस्त्याला जुने वड आहेत. उन्हाळ्यात फळं पिकली की सकाळी तिथं जायचं. सूर्य नुकताच वर येत असताना हरियाल झाडाच्या शेंड्यावर, उघड्या फांद्यांवर ऊन खात बसतात. तेव्हा ते साफ दिसतात, आणि फोटोवाले तेव्हाच फोटो काढतात. मला त्यानंतरची वेळ हवी होती, ऊन चढल्यावर ते पानांत शिरतात तेव्हाची. पारव्यासारखी घुमण्याची सवय या पक्ष्याला नाही. त्याचा आवाज शिट्टीसारखा, सुरेल आणि गोलाईचा. आधी तो ऐकायचा आणि मग त्या दिशेनं दुर्बीण लावायची.

जिवंत पक्ष्याचं रेखाटन करायची माझी रीत साधी आहे. एका पानावर पाच-सहा अर्धवट आकृत्या एकाच वेळी चालू ठेवायच्या. पक्षी वळला की हातातली आकृती सोडून द्यायची आणि नवी सुरू करायची. थोड्या वेळानं तो पुन्हा जुन्या ढंगात येतो, कारण पक्ष्यांच्या बसण्याच्या सवयी ठरलेल्या असतात. मग जुनी आकृती पुढं न्यायची. रबर घरी ठेवायचं. हरियालाचा बांधा आखूड आणि भरीव, पाय बुटके पण पकड जबरदस्त. फळासाठी तो फांदीवर पार आडवा होतो, उलटा लोंबतो, मान ताणतो. असं बसलेलं कबूतर कुणी पाहिलेलं नसतं, आणि हरियाल कबुतराच्याच कुळातला. हा पक्षी जमिनीला पाय लावत नाही, अशी एक समजूत आहे. ती तंतोतंत खरी धरू नये, पण झाडावरची त्याची कसरत पाहिली की ती कुठून आली असेल ते कळतं.

शरीररचनेसाठी मात्र रस्त्यावर जावं लागलं नाही. खिडकीच्या सज्जावर पारवे आहेतच, ज्यांना आमच्या घरात कुणी चांगलं म्हणत नाही. पंख मिटल्यावर लांब पिसं कुठं दडतात, खांद्यावरची आखूड पिसं त्यांच्यावर कशी बसतात, मान आखडल्यावर छाती कशी पुढं येते, हे सगळं कबुतराच्या कुळात जवळपास सारखंच. पक्ष्याचा मागं वळलेला सांधा आपण गुडघा समजतो. तो खरं तर घोटा असतो आणि गुडघा वर पोटाच्या पिसांत झाकलेला असतो. हे एकदा डोक्यात बसलं की फांदीवरचा पक्षी लटपटत नाही. मेलेला पक्षी घरी आणून त्यावरून काम करावं असा मोह काहींना होतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ ते करू देत नाही, आणि माझ्या मते ते चित्रासाठीही चांगलं नाही. मेलेल्या पक्ष्याची पिसं लोळागोळा होतात आणि डोळा लगेच मरतो.

कबुतरांची आणखी एक गोष्ट पुढं फार कामाला आली. त्यांच्या अंगावर काही पिसं अशी असतात की त्यांची बारीक भुकटी होऊन बाकीच्या पिसांवर पसरते. काचेवर पारवा आपटला तर कधी कधी त्याचा पांढुरका ठसा उमटतो, तो याच भुकटीचा. त्यामुळं या पक्ष्यांच्या अंगाला तुकतुकी नसते, साय धरल्यासारखा मऊपणा असतो.

संदर्भाचे फोटो गोळा करताना एक पथ्य पाळावं लागतं. उत्तर भारतातल्या हरियालाचं पोट राखाडी असतं. आपल्याकडच्या दख्खनी हरियालाचं गळ्यापासून खालपर्यंत पिवळसर हिरवं. इंटरनेटवर दोन्ही एकाच नावाखाली मिळतात. साताऱ्याच्या वडावर भरतपूरचं पोट बसवलेली चित्रं मी पाहिली आहेत. सामान्य माणसाला ते कळणार नाही हे खरं, पण जाणकाराची नजर आधी तिथंच जाते.

आपल्याकडं पक्षी रंगवण्याची परंपरा मोठी आहे, पण ती वेगळ्या हेतूनं चालली. जहांगीरच्या दरबारातला उस्ताद मन्सूर हा तिचा मेरुमणी. १६१२ मध्ये त्याच दरबारातल्या मुकर्रब खानानं गोव्याहून आणलेल्या प्राण्यांत एक टर्की होता. मन्सूरनं केलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मागं जवळजवळ काहीच नाही, पुढं पक्षी नखशिखांत. बादशहाला नवलाचा जीव नीट पाहायचा होता आणि पाहून जपायचा होता. पक्षी ओळखण्याच्या पुस्तकांतली चित्रंही याच वाटेनं जातात, आणि त्यांनी तसंच जायला हवं. माझ्या कामाला जवळचा वाटला तो स्वीडनचा ब्रूनो लिल्येफोर्श (१८६०–१९३९). तो शिकारीही होता. घरी जिवंत प्राणी पाळून त्यांच्यावरून तैलरंगात काम करायचा. त्याच्या चित्रांत गवतातला ससा किंवा रानातला पक्षी सापडायला वेळ लागतो, कारण प्राण्याचा आणि जागेचा रंग त्यानं एकाच श्वासात लावलेला असतो.

लपणं कसं घडतं हे नीट मांडलं तेही एका चित्रकारानंच. अमेरिकेचा ॲबट थेयर तैलरंगात माणसं रंगवायचा. १८९६ मध्ये त्यानं दाखवून दिलं की बऱ्याच प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं, कारण उजेड वरून येतो. वरून पडणारा उजेड गडद पाठीला उजळवतो, खालची सावली फिकट पोटाला काळवंडते, दोन्ही सारखे होतात आणि प्राणी चपटा दिसतो. हे मला कळलं तेव्हा हसू आलं. मी जन्मभर पोरांना शिकवलं की वर उजेड, खाली सावली, म्हणजे चेंडू गोल. हरियाल हा धडा अंगावर उलटा लिहून हिंडतो! त्याची पाठ मळकट ऑलिव्ह, छाती आणि पोट उजळ पिवळट. पानांत बसला की गोलाई गायब. त्याला नेहमीच्या सवयीनं शेडिंग करून गोल केला असता तर माझ्या चित्रातून तोच निघून गेला असता.

मांडणी ठरवताना डॉक्टरची अट डोक्यात होती. वडाला मध्ये एक ढोली, तिच्या काळोखापुढं एक हरियाल, पूर्ण स्पष्ट, पोराच्या नजरेच्या उंचीला. हा पहिला. त्याच्यावरून नजर शिकते: राखाडी डोकं, जांभळट खांदा, पंखावरची पिवळी रेघ. मग याच खुणा ती इतरत्र शोधायला लागते. बाकीचे सहा मी पानांत विखरून टाकले. कुणाचा फक्त खांदा, कुणाचं डोकं आणि एक पाय, एक उलटा लटकलेला. सातवा शेंड्याजवळ, जिथं ऊन पानांतून आरपार येतं. तो सापडला नाही तरी चालेल असं ठरवूनच टाकला.

कॅनव्हास ३६ × २४ इंचाचा सुती, वर जेसोचे, म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे थर, प्रत्येक थर वाळला की पॉलिश पेपरनं हलकी घासणी. पांढऱ्या कॅनव्हासवर हिरव्या रंगाचं काम सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. मी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाचा हात सगळीकडं फिरवला. हिरव्या फटकाऱ्यांच्या मधून तो तांबूस रंग कुठं कुठं डोकावत राहतो आणि पानांची गर्दी जिवंत राहते. तसं केलं नाही तर वडाचं झाड कोथिंबिरीच्या जुडीसारखं दिसतं.

त्यावर चारकोलनं रेखाटन, मग बर्न्ट अंबर या गडद तपकिरीनं फक्त गडद जागा. हा रंग मला आवडतो कारण त्यातल्या मँगनीजमुळं तो लवकर वाळतो. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि मँगनीज त्या कामाला घाई करतो. याच्या उलट आयव्हरी ब्लॅक, तो रेंगाळत वाळतो. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, हा नियम तर कुठल्याही तैलचित्रकाराला सुटत नाही. वरचा थर आधी कडक झाला आणि खालचा मागून हलला की भेगा पडतात.

आता हिरवा. दोन दिवस नुसतं पॅलेटवर मिसळण करण्यात गेले तर ते वाया गेले असं समजू नये. ट्यूबमधला तयार सॅप ग्रीन मी बाजूलाच ठेवला. त्यानं पान आणि पक्षी दोघंही सारखेच खोटे होतात. वडाच्या पानाखाली उभं राहून पाहिलं की त्यात निदान तीन हिरवे दिसतात. पान जाड आणि तुकतुकीत असतं, म्हणून वरून त्यात आभाळ उतरतं आणि ते निळसर राखाडी होतं. सावलीत ते काळपट. आणि उन्हाच्या आड आलं तर पिवळंधमक, शिरांसकट पेटलेलं. हरियालाला यातलं काहीच लागू नाही. त्याच्या अंगावर आभाळ चमकत नाही, कारण ती भुकटी. त्याच्यातून ऊन आरपार जात नाही, कारण तो भरीव आहे. रंगाची छटा पानाची, पण पृष्ठभाग पानाचा नव्हे. सापडण्याचा आणि न सापडण्याचा सगळा खेळ या फटीत होता.

म्हणून दोघांना मी वेगवेगळ्या पद्धतीनं रंगवलं. उन्हातल्या पानांसाठी आधी पांढऱ्यात लेमन यलो घालून उजळ थर दिला. तो वाळल्यावर विरिडियन हा निळसर हिरवा आणि इंडियन यलो तेलात पातळ करून वरून काचेसारखा फिरवला. उजेड त्या थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्यावर आपटून परत येतो, आणि पान खरंच पेटतं. (इंडियन यलो पूर्वी आपल्याकडूनच जायचा. बिहारमध्ये मुंगेरजवळ गायींना आंब्याची पानं खाऊ घालून त्यांच्या गोमूत्रापासून तो करत, असं टी. एन. मुखर्जी यांनी १८८३ मध्ये लिहून ठेवलंय. आजच्या ट्यूबचा गायीशी किंवा आंब्याशी संबंध नाही.) आभाळ उतरलेल्या पानांना अल्ट्रामरीन निळा, पांढरा आणि किंचित विरिडियन, चपट्या ब्रशचा एकेक ठाम फटकारा.

पक्ष्यासाठी एकही पारदर्शक थर नाही. पाठीला यलो ऑकर आणि आयव्हरी ब्लॅक. पिवळ्यात काळा मिसळला की ऑलिव्ह हिरवा होतो. वर्गात करून दाखवलं की पोरं दर वर्षी नव्यानं हरखायची. पोटाला लेमन यलो, चिमूटभर काळा आणि टायटॅनियम व्हाइट. पांढऱ्यानं रंग अपारदर्शक होतो आणि थोडा पिठूळ, आणि मला पिठूळच हवा होता. हा रंग कोरडा कोरडा, जुन्या फिसकटलेल्या ब्रशनं, खालच्या थरावर घासत नेला. काळा उशिरा वाळतो याचा इथं फायदा झाला: आजूबाजूची पानं सुकून गेली तरी पक्ष्यांच्या कडा अजून ओल्या होत्या आणि बोटानं विरवता येत होत्या. जिथं पोट उजळ पानाला टेकतं तिथं कड पुसून टाकली. जिथं खांदा सावलीपुढं येतो तिथं सुरीनं कापल्यासारखी ठेवली. पक्ष्याची पूर्ण बाह्यरेषा सातांपैकी फक्त पहिल्याला मिळाली.

पिसांबद्दल बोलायलाच हवं, कारण लोक तेच आधी विचारतात. "एकेक पीस काढलंय का?" नाही. वीस-पंचवीस फुटांवरून एकेक पीस दिसत नाही, आणि न दिसणारं काढलं की पक्षी खेळण्यातला होतो. पिसांचे गट असतात, गटांना दिशा असते. ब्रश त्या दिशेनं गेला की पुरे. अपवाद पंखावरच्या पिवळ्या कडांचा. त्या लांबूनही दिसतात, म्हणून त्या लांब केसाच्या बारीक ब्रशनं, मनगट न टेकता, एका दमात ओढल्या. दुरुस्ती करायची नाही. नीट आली नाही तर फडक्यानं पुसून पुन्हा.

डोक्याच्या राखाडीला फक्त काळा आणि पांढरा. पिवळट हिरव्याच्या शेजारी तो आपोआप निळसर दिसतो. खांद्यावरचा जांभळट डागही असाच फसवा आहे. पॅलेटवर मी त्याला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा राखाडी, त्यात नखभर गुलाबी, एवढंच दिलं. कागदावर तो मळका वाटतो. पक्ष्यावर बसवला की भोवतीच्या पिवळ्यामुळं जांभळा होतो. खरा जांभळा लावला असता तर सातही पक्षी दारातूनच ओरडले असते.

डोळा शेवटी ठेवला, आणि तोही फक्त पहिल्या पक्ष्याचा पूर्ण. हरियालाचा डोळा फार देखणा असतो: मध्ये काळी बाहुली, भोवती निळं कडं, त्याबाहेर गुलाबी. त्यातला चमकीचा ठिपका पांढराशुभ्र लावायची सवय सगळ्यांना असते. पण हा पक्षी पानांच्या छताखाली बसलाय, त्याच्या डोळ्यात आभाळाचा तुकडा पानांतून गाळून येतो. म्हणून ठिपका हिरवट राखाडी आणि अगदी लहान. लपलेल्यांना ठिपका दिलाच नाही. रानात ज्याचा डोळा चमकला तो पक्षी लपलेला राहत नाही.

पाय पिवळे. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, कॅडमियम यलो आणि सावलीला ऑकर. ओळखीची खूण म्हणून ते पुरेसे बोलतात.

मध्येच पावसाळा लागला. आमच्याकडं जुलैत हवेला ओल असते, रंग उशिरा धरतो, कॅनव्हास ढिला पडतो आणि त्याच्या पाठीवर बुरशी धरायची भीती असते. फ्रेमच्या कोपऱ्यांतल्या पाचरी ठोकून तो ताणून घेतला आणि चित्र भिंतीपासून लांब, वारा खेळेल असं ठेवलं. घरच्यांची तक्रार टर्पेंटाइनच्या वासाची होती. माझी काळजी फडक्यांची. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी बोळा करून टाकली तर तेल वाळताना तापतात आणि कधी कधी आपोआप पेट घेतात. मी ती पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकतो.

वाळल्यावर दिसलं की गडद जागा काही ठिकाणी निस्तेज पडल्यात, तेल खाली शोषलं गेलंय. अशा वेळी काहीजण रंग पुन्हा लावतात. मी तिथं तेलाचा अगदी पातळ हात दिला आणि जास्तीचं पुसून घेतलं. काळोख परत आला. मग तात्पुरतं रिटच व्हार्निश मारून चित्र दवाखान्यात गेलं. पक्कं व्हार्निश लगेच मारता येत नाही. तैलरंग वरून सुकलेला दिसला तरी आतून घट्ट व्हायला निदान सहा महिने द्यावे लागतात.

दवाखान्यातली बातमी डॉक्टर अधूनमधून सांगायची. मोठी माणसं ढोलीपुढचा पक्षी पाहून "छान आहे" म्हणतात आणि मोबाइल काढतात. पोरं थांबतात. त्यांच्यात मोजण्यावरून भांडणं होतात. कुणी चार म्हणतं, कुणी सहा, आणि एका मुलीनं नऊ मोजले. तिनं नक्की काय काय मोजलं ते मला अजून जाणून घ्यायचंय.

सहा महिने उलटून गेल्यावर व्हार्निश घेऊन गेलो तेव्हा चित्र भिंतीवरून उतरवून खिडकीशी, तिरप्या उजेडात धरलं. पृष्ठभागावर बोटांचे डाग होते, आणि ते कुठंही नव्हते, पक्ष्यांवरच होते. ढोलीपुढच्यावर सगळ्यात जास्त, उलट्या लटकलेल्यावर बरेच, खालच्या पानांतल्यांवर थोडे थोडे. सातव्यापर्यंत पोरांचा हात पोचत नाही, त्यामुळं त्याचा हिशोब लागला नाही. कापूस लाळेनं किंचित ओला करून डाग काढले. ऐकायला विचित्र वाटेल, पण संग्रहालयांत जुनी चित्रं साफ करणारेही लाळ वापरतात. ती सौम्य असते आणि तिच्यातली पाचक द्रव्यं मळ सोडवतात. लहान मुलांच्या दवाखान्यात बसून हे करताना डॉक्टरचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता.

खरा प्रश्न व्हार्निशचा होता. चकचकीत व्हार्निशनं पानांना खोली येते, काळोख गडद होतो, पण पक्षीही पानांसारखाच तुकतुकीत होतो, आणि मी इतके महिने जपलेला फरक एका ब्रशनं झाकला जातो. मॅट व्हार्निशनं पक्षी खूश, पण ढोलीचा काळोख पांढुरका पडतो. दोन्ही मिसळून एका जुन्या बोर्डावर आधी चाचणी घेतली. मॅटमधली पूड तळाशी बसते, म्हणून दर वेळी हलवून घ्यावं लागतं. जुळलं ते चकचकीत दोन वाटे, मॅट एक वाटा. चित्र टेबलावर आडवं ठेवून रुंद ब्रशनं पातळ थर दिला. चमक थोडी कमी-जास्त झाली तरी आता फारसं बिघडणार नव्हतं, कारण पान आणि पक्षी यांच्यातला फरक रंगातच उतरला होता. तिरप्या उजेडात पाहिलं तेव्हा पानं खोल गेली होती आणि हरियाल कोरडे राहिले होते.

व्हार्निशचं काम हेच की डाग त्याच्यावर पडावेत, रंगावर नाही, आणि पुढं कधी तरी ते उतरवून नवं मारता यावं. धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झटका, ओलं फडकं लावू नका, असं कागदावर लिहून चित्राच्या मागं चिकटवलं. डॉक्टर म्हणाली, "सर, 'हात लावू नये' अशी पाटी लावू का?" नको म्हटलं. फक्त चित्र वीतभर खाली टांगायला लावलं, म्हणजे सातव्याचाही हिशोब लागेल.